आपल्याच पाण्यात भिजण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

शहरातून दोन-दोन नद्या वाहत असताना पुणेकराला राफ्टिंगसाठी ताम्हिणी घाट उतरून कोलाडला का जावं लागतं, असा प्रश्न चौकस वाचकाला पडेल. ज्याला पडणार नाही तो मूळचा पुण्याचा नसावा. तेव्हा निघण्यापूर्वी घरच्या नद्यांची पाहणी उरकून घेऊ, म्हणजे ‘इथेच का नाही?’ हा वाद घाटात नको.

मुठा वर्षातले आठ महिने ‘नदीपात्र’ या नावानेच ओळखली जाते. पात्रात रस्ता आहे, गाड्या लावायला जागा आहे, संध्याकाळी भेळ मिळते. राफ्टिंगला लागणारे दगडधोंडेही आहेत, एक पाणी तेवढं नाही. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पुणेकर छत्री घेऊन झेड ब्रिजवर उभा राहतो. किती क्युसेक सोडलंय, पानशेत किती भरलंय, यावर तिथे जी चर्चा होते ती पाटबंधारे खात्यातही होत नसेल. २५ जुलै २०२४ रोजी हा आकडा पस्तीस हजारांवर गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या लोकांना सोसायटीच्या दारातूनच रबरी बोटीत बसावं लागलं. बोट होती, सोबत प्रशिक्षित जवान होते. नाव मात्र कुणीच नोंदवलेलं नव्हतं. अशा सहलीची शिफारस ही मार्गदर्शिका करू शकत नाही.

राहिली मुळा. संगमाजवळ सीओईपीचा बोट क्लब आहे आणि तिथली रेगाटा १९२८पासून भरते. म्हणजे पाण्यावर तरंगण्याची परंपरा पुण्याला आहे. हे कोलाडला कुणी ‘पहिल्यांदाच का?’ विचारलं तर सांगायला उपयोगी पडेल. पण उन्हाळ्याच्या तोंडाला मुळेवर जलपर्णी इतकी माजते की वल्ह्यापेक्षा विळा घेऊन उतरलेलं बरं. मुळेला ओढ नाही, वेग नाही. कारण तिचं पाणी आधीच दुसरीकडे गेलेलं आहे. कुठे गेलं हे कळलं की राफ्टिंगचा खरा अभ्यासक्रम सुरू होतो.

मुळा सह्याद्रीत, मुळशीच्या डोंगरांत जन्मते. रीतीप्रमाणे तिने पूर्वेला यावं, औंधावरून संगमाला मुठेला भेटावं, पुढे भीमेत मिसळून पंढरपूरचं दर्शन घ्यावं आणि कृष्णेच्या सोबतीने बंगालच्या उपसागराला मिळावं. टाटांनी मुळशीला धरण बांधलं आणि हा सगळा कार्यक्रम रद्द केला. अडवलेलं पाणी पश्चिमेकडे वळवलं, सुमारे ५०० मीटर खाली कोकणात आणून भिऱ्याच्या वीजघरातल्या चाकांवर आदळलं. भिऱ्याचं वीजघर १९२७चं. वीज मुंबईला गेली आणि पाणी कुंडलिकेला. कुंडलिका त्याला घेऊन कोलाड, रोहा करत रेवदंड्याला अरबी समुद्रात जाते. ज्या पाण्याच्या नशिबात विठोबा होता त्याला समुद्रकिनारा मिळाला.

याचा सरळ अर्थ असा की कोलाडला पुणेकर पैसे मोजून ज्या पाण्यावर तरंगतो ते त्याच्याच नदीचं पाणी आहे. ही माहिती राफ्टमध्ये बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सहप्रवाशांना द्यावी. त्यात ठाण्या-मुंबईचं कुणी असेल तर दोनदा द्यावी, कारण वीजही तेच घेऊन बसलेत.

मात्र आवाज बेताचा ठेवावा. या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशीत सत्याग्रह सुरू झाला. ज्यांची भातखाचरं आणि घरं पाण्याखाली जायची होती ते मावळे कामाच्या जागी जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात सेनापती झाले आणि जन्मभर सेनापतीच राहिले. पुण्यातून भाषणं झाली, ठराव झाले, वर्तमानपत्रांत मजकूर आला. पण मुळशीच्या जमिनींत पुण्याच्या सावकारांचेही हात अडकलेले होते, आणि त्यांना लढा रेटण्यापेक्षा मोबदला अधिक पटत होता. राजेंद्र व्होरांनी या सत्याग्रहावर लिहिलेल्या पुस्तकात हे सगळं आहे. राफ्टिंगला निघण्यापूर्वी वाचावं अशी शिफारस कुठलीच सहल कंपनी करत नाही, म्हणून इथे करून ठेवतो. तात्पर्य इतकंच की पाण्याची मालकी सांगण्यापूर्वी राफ्टमध्ये मुळशी तालुक्यातलं कुणी नाही ना, हे बघून घ्यावं. असेल तर हवापाण्याविषयी बोलावं, आणि त्यातही हवेविषयीच.

आता वेळेचं गणित. कुंडलिकेत राफ्टिंग होतं ते पावसाच्या मर्जीवर नाही, वीजघराच्या मर्जीवर. मुंबईत विजेची मागणी वाढली की भिऱ्याची चाकं फिरतात. त्यातून निघालेलं पाणी वाया घालवायचं नाही म्हणून खाली रवाळज्याला सरकारी वीजघर त्याच पाण्यातून पुन्हा वीज काढतं. मग ते नदीत येतं आणि साधारण सकाळी राफ्ट सोडण्याजोगी पातळी होते. दोनेक तास लोकांना भिजवून झालं की पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यात शिरून ते भात पिकवतं. एकाच पाण्यात वीज, पुन्हा वीज, करमणूक आणि शेती! असली काटकसर सदाशिव पेठेतही बघायला मिळत नाही. पुणेकराने या नदीला खाली वाकून नमस्कार करावा तो यासाठी.

तर पाणी सकाळी सुटतं, म्हणजे आठ-साडेआठला नदीवर हजर राहायचं, म्हणजे पुण्याहून पहाटे साडेचारला निघायचं. ‘पाणी जरा उशिरा नाही का सोडता येणार?’ असं फोनवर विचारून बघायला हरकत नाही. विचारतात.

मार्गातली पहिली अवघड जागा म्हणजे चांदणी चौक. नदीतल्या खळाळांची अवघडपणानुसार एक ते सहा अशी आंतरराष्ट्रीय प्रतवारी असते. कोलाडचे खळाळ दोन-तीनचे. चांदणी चौक, विशेषतः मुळशीकडे जाणारी वाट पहिल्यांदा शोधणाऱ्यासाठी, निदान पाचचा. इथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२च्या मध्यरात्री स्फोटकं लावून उडवला. पूल पुण्यातला असल्यामुळे एका दणक्यात पूर्ण पडला नाही. उरलेला यंत्रांनी समजूत घालून काढावा लागला. आता तिथे इतके उड्डाणपूल आणि रॅम्प आहेत की एक वळण चुकलं तर माणूस कोलाडऐवजी कात्रजला निघतो. गाडीत बसलेल्या प्रत्येकाने वेगळी दिशा सांगावी, चालकाने कुणाचंच ऐकू नये. पुढे राफ्टमध्ये याच सरावाचा त्रास होणार आहे.

भूगाव, पिरंगुट, पौड. मुळशीचं पाणी दिसू लागलं की थांबून मुलांना ते ‘आपलं’ म्हणून दाखवावं. ताम्हिणीत धबधबे, मक्याची कणसं, मॅगी आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून फोटो काढणारे लोक आहेत; यांतल्या पहिल्या दोघांसाठी थांबायला हरकत नाही. घाट उतरून विळ्याला आलात की सुतारवाडीमार्गे कोलाडचा रस्ता धरावा. माणगावला जाऊन मुंबई-गोवा महामार्गाने येऊ, असं कुणी सुचवलं तर त्याला मागच्या सीटवर पाठवावं. त्या महामार्गाच्या रुंदीकरणाला २०११ साली सुरुवात झाली. तो बघून कोकण रेल्वेने १९९९पासूनच कोलाडला ट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढवून पुढे न्यायला सुरुवात केली असावी, असं वाटावं इतकी ती सोय दूरदृष्टीची आहे. ट्रकवाले खाटेवर पाय पसरून गोव्याकडे जातात. माणगावहून कोलाडला येणाऱ्या मोटारवाल्यांसाठी अशी काही व्यवस्था असती तर या परिच्छेदाची गरज नव्हती.

पहाटे निघणं ज्यांना जमणार नाही त्यांनी आदल्या रात्री मुक्कामाला जावं. मुक्काम हा या सहलीचा सर्वांत वादग्रस्त भाग असल्यामुळे इथे जरा सविस्तर.

नदीकाठी तंबू मिळतात. साध्या तंबूत गादी असते, ‘लक्झरी’ तंबूत गादी आणि फोन चार्ज करायला सॉकेट असतो. जून ते सप्टेंबर कोकणातला पाऊस म्हणजे काय हे घाटावरच्या माणसाला पुस्तकातून कळत नाही, तंबूत कळतं. तंबूवर रात्रभर सरी कोसळत असताना आत बेडूक आला तर त्याला हाकलू नये, तो पावसाळ्यात तिथे आपल्याआधीपासून राहतो. शेजारच्या तंबूत हिंजवडीच्या कुठल्यातरी कंपनीची टीम असते. त्यांच्याकडे ब्लूटूथ स्पीकर असतो, कॅम्पफायर असते, आणि पनीर भाजून झाल्यावर रात्री अकराला अंताक्षरी सुरू होते. आषाढ संपताना येणाऱ्या दीप अमावस्येच्या आदल्या शनिवार-रविवारी तर तिकडे फिरकूच नये. श्रावण लागण्यापूर्वी सगळी भरपाई करून घेणारा समाज त्या दोन दिवसांत कुंडलिकेच्या दोन्ही काठांवर असतो, आणि त्यातले निम्मे सकाळी राफ्टमध्ये बसण्याच्या स्थितीत नसतात. शुद्धीवर नसलेल्यांना राफ्टमध्ये घेत नाहीत हा नियम चांगला आहे.

कॉटेजवाली रिसॉर्टं आहेत. तिथे दुपारी बाराला खोली देतात आणि सकाळी दहाला काढून घेतात. बावीस तासांना एक दिवस धरणाऱ्या या हिशेबावर पुणेकराने लेखी आक्षेप नोंदवावा. तक्रारवही मागितली की स्वागतकक्षातला मुलगा आधी हसतो, मग खरंच शोधायला लागतो. त्यात त्याचा अर्धा तास जातो. मग आपोआपच साडेदहा होतात.

माझं मत विचाराल तर गावातल्या घरी राहावं. शेणाने सारवलेलं अंगण असेलच असं नाही, टाइल्सही असतात. पण ओटीवर आजी वाल निवडत बसलेली असते आणि पायरीला ओल्या चपलांची रांग लागलेली असते. जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, मागितलं तर सुकट. भाकरी पाण्यावर थापलेली, इतकी पातळ की दिव्याच्या उजेडासमोर धरली तर बोटं दिसावीत. फक्त दिवा असावा लागतो. जोराचा वारा सुटला की लाइट जाते. एका अंगाला भिऱ्याचं वीजघर, दुसऱ्या अंगाला रवाळज्याचं, आणि मधल्या घरात वहिनी मेणबत्ती शोधतायत. ‘आत्ता येईल हां,’ त्या म्हणतात. मुंबईला सगळीकडे आहे ना, याची चौकशी करण्याचा मोह आवरावा. त्यांना तो विनोद नवीन नाही.

मुक्काम निवडताना दुपारच्या झोपेची सोय पाहणं हा मूलभूत मुद्दा आहे. राफ्टिंग अकराच्या सुमाराला संपतं, जेवण साडेबाराला, आणि एकला डोळे मिटतात. एक ते चार या वेळात ‘झिपलाइन करायची का?’ असं विचारायला कुणी दार वाजवणार नाही, याची लेखी हमी आधीच घ्यावी.

नातेवाइकांचा पर्याय उरतो. रोह्याला किंवा माणगावला प्रत्येक पुणेकराची एक चुलतआत्या असते. तिथे उतरलं तर मुक्काम फुकट; पण जाताना चितळ्यांची बाकरवडी न्यावी लागते आणि परतताना तांदूळ, कोकम आणि सल्ले घेऊन यावं लागतं. घरच्या ज्येष्ठांना सहलीचा उद्देश पालीच्या बल्लाळेश्वराचं दर्शन असा सांगावा. पाली जवळच आहे, त्यामुळे खोटं ठरत नाही.

आता नदी. काठावर आपल्याला लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि वल्हं देतात. जॅकेटचे पट्टे गाइड स्वतः येऊन ओढतो, श्वास अडकेल असे. ‘जरा सैल करा’ म्हणू नये. सैल जॅकेट पाण्यात आपल्याआधी वर येतं आणि आपण त्याच्या मागोमाग येऊच असं नाही. चष्म्याला दोरी बांधावी. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवण्याची पद्धत आहे. कुंडलिकेच्या तळाशी अशा किती पिशव्या असतील याचा अंदाज करत तो काठावरच ठेवावा.

गाइड बहुधा नेपाळचा किंवा उत्तराखंडचा असतो, अलीकडे आसपासच्या वाड्यांतली मुलंही तयार झाली आहेत. गंगेच्या वरच्या पात्रात शिकलेला माणूस आपल्याला दोन-तीनच्या खळाळातून नेताना कंटाळलेला दिसला तर अपमान वाटून घेऊ नये. तो सुरुवातीला आज्ञा शिकवतो: ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’, ‘स्टॉप’, ‘गेट डाउन’. पुणेकराची खरी परीक्षा इथे आहे. लहानपणापासून कुठलीही आज्ञा ऐकली की त्याच्या तोंडून पहिला शब्द ‘का?’ असा निघतो. नदीत ‘का’चं उत्तर देण्याइतका वेळ नसतो. ‘फॉरवर्ड’ म्हटल्यावर सहा जणांनी वल्ही मारायची आणि डावीकडच्या काकांनी ‘अहो, उजवीकडून घ्या, तिकडे पाणी जास्त आहे’ म्हणायचं, अशी राफ्ट गोल फिरते. ती पुन्हा सरळ करायला गाइडला मागे एकट्याला वल्हवावं लागतं, आणि तेवढ्यात खळाळ संपतो. मग काका म्हणतात, ‘हा एवढाच होता?’

वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते. एका हाताची बोटं तिच्यावर कायम वळलेली ठेवावीत. मूठ सुटली की ती थेट पुढच्याच्या दातांवर जाते. राफ्टिंगमधल्या किरकोळ जखमांचं हे नेहमीचं कारण, आणि दंतवैद्याची फी सहलीच्या खर्चात धरलेली नसते. बसायचं राफ्टच्या फुगवलेल्या काठावर, आत नाही, आणि पाय आतल्या आडव्या नळीखाली खुपसायचे. आरामात बसता येत नाही अशी तक्रार पहिल्या खळाळापर्यंत चालते.

या वाटेवरच्या खळाळांना नावं आहेत, ‘मॉर्निंग हेडेक’, ‘राजधानी एक्सप्रेस’ अशी. मराठी नाव का नाही, याबद्दल संबंधितांना पत्र लिहिण्याचा विचार प्रत्येक राफ्टमध्ये एकाच्या तरी मनात येतो. तो पूर्ण होण्याआधी राफ्टचं नाक खाली जातं, समोर पाण्याची भिंत उभी राहते आणि जे काही तोंड उघडं होतं ते पाण्याने भरतं. गार पाणी. मुळशीचं. या क्षणी मालकी हक्क, सेनापती, क्युसेक यांतलं काहीही आठवत नाही. माणूस ओरडतो. गंभीर चेहऱ्याचे निवृत्त बँक अधिकारी शाळकरी मुलासारखे ओरडताना या नदीवर दिसतात, आणि खाली आल्यावर बायकोकडे न बघता हेल्मेट नीट करतात.

पाण्यात पडलात तर एकच गोष्ट करायची, जी पुणेकराला सर्वांत अवघड जाते: काही करायचं नाही. उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि वर, आणि वाहत जायचं. उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाणी कमरेएवढं दिसलं तरी नाही. पाय दोन दगडांत अडकला आणि वरून प्रवाहाने ढकललं की कमरेएवढं पाणीही पुरतं. मागून कयाकवाला येतो, राफ्टमधून दोरीची पिशवी फेकतात, ती धरायची. वर ओढून घेतल्यावर ‘मला पोहता येतं, टिळक टँकला शिकलोय’ असं सांगितलं तरी चालतं.

शेवटच्या शांत टप्प्यात गाइड सगळ्यांना मुद्दाम पाण्यात उतरू देतो. आधी कुणी उतरत नाही. मग सगळे उतरतात. मग कुणी वर यायला तयार होत नाही. दोन्ही काठांना गर्द हिरवं, डोंगरावर ढग, आणि जॅकेटवर तरंगणारी पंधरा-वीस डोकी. बारा-चौदा किलोमीटर कसे गेले कळत नाही. १४ वर्षांखालच्या मुलांना बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. ती काठावर काकूंबरोबर भजी खात बसलेली असतात आणि त्यांना जास्त मजा आली असं त्यांचं म्हणणं असतं. नदीला पूर असेल तर राफ्टिंग रद्द होतं. अशा वेळी पैसे परत मागावेत पण राफ्टिंगचा हट्ट धरू नये. भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्यावर जाऊन भरपाई करू, असंही म्हणू नये. पावसाळ्यात तिथे जायला प्रशासन बंदी घालतं, आणि ती पाळली नाही म्हणून तिथे गेलेले काही जण परत आलेले नाहीत.

शेवटी बिल. कपडे बदलून, पोहे खाऊन आणि पोह्यांत कांदा कमी असल्याचं नोंदवून झाल्यावर पुणेकराने काउंटरवर जावं आणि शांतपणे विषयाला हात घालावा. पाणी मुळेचं आहे, मुळा पुण्याची आहे, सबब बिलातून पाण्याचे पैसे वजा व्हावेत. युक्तिवाद निर्दोष आहे आणि बऱ्याच जणांनी तो करून पाहिला आहे. काउंटरवरचा तरुण इथलाच, बहुधा कामतच्या किंवा साजेच्या बाजूचा. तो कॅल्क्युलेटर खाली ठेवतो.

‘पाणी तुमचं असेल काका,’ तो म्हणतो, ‘पण उतार आमचा आहे.’

यावरचं उत्तर पुण्यात अजून तयार व्हायचं आहे. तोपर्यंत बिल पूर्ण भरावं, आणि पावती मागून घ्यावी.